भंगारातले चष्मे

नैरोबी ही केनिया देशाची राजधानी होय. १९६३ पर्यंत हा देश ब्रिटिशांच्या अमलाखाली होता. याच नगरात १९८४ साली सायरस काबिरू या कलावंताचा जन्म झाला. शहराचा केरकचरा जेथे येऊन पडे, त्या उकिरड्यासमोर त्यांचे बालपण गेले.

लहानग्या सायरसला चष्म्याची फार हौस. वडिलांना मात्र चष्म्याचे नाव नको असे. कारण लहानपणी चष्मा मोडल्यापायी त्यांना मार बसला होता. हवाच असेल तर आपला आपण बनवावा, असे त्यांनी मुलास सांगितले. मुलाने ते मनावर घेतले.

काबिरू कोणत्याही कलाशाळेत गेले नाहीत. तारा, बाटल्यांची बुचे, पत्र्याचे तुकडे, यंत्रांचे निकामी भाग वेचून ते चष्मे घडवू लागले. हे चष्मे वाचनाच्या उपयोगाचे नव्हेत. ते चढविले की माणूस जणू परग्रहावरचा प्रवासी भासतो!

कृष्णवर्णीयांच्या भविष्याची चित्रे रेखाटणाऱ्या अशा कलेस 'अ‍ॅफ्रोफ्यूचरिझम' म्हणतात. हा शब्द १९९३ साली मार्क डेरी या अमेरिकन लेखकाने योजला. नेडी ओकोराफोर या नायजेरियन-अमेरिकन लेखिकेस तो अपुरा वाटला. आफ्रिकेच्या मातीत रुजलेल्या कल्पनेस त्या 'आफ्रिकनफ्यूचरिझम' म्हणतात.

नैरोबीच्याच वानुरी काहियू यांनी २००९ साली 'पुम्झी' हा लघुचित्रपट काढला. स्वाहिली भाषेत 'पुम्झी' म्हणजे श्वास. पाण्यासाठी झालेल्या महायुद्धानंतरचा काळ त्यात दाखविला आहे. आशा नावाची तरुणी एक रोपटे जगावे म्हणून आपल्याजवळचे अखेरचे पाणी त्याला घालते.

मुलांनो, आफ्रिकेचे चित्र फार काळ परक्यांनीच काढले. त्यात अरण्ये होती, दारिद्र्य होते. यंत्रे घडविणारी, ताऱ्यांकडे झेपावणारी आफ्रिकी माणसे क्वचितच होती. ज्यांचे उद्याचे चित्र दुसराच काढतो, त्यांना स्वतःची ओळखही उसनी घ्यावी लागते. ती उसनवारी आता या तरुणांनी नाकारली आहे. साधने भंगारातली असली, तरी दृष्टी मात्र त्यांची स्वतःची आहे.

स्वाध्याय

१. वडिलांनी चष्मा घेऊन देण्याचे का नाकारले?
२. 'ओळख उसनी घेणे' म्हणजे काय, ते स्पष्ट करा.
३. आपल्या गावाचे शंभर वर्षांनंतरचे चित्र दहा ओळींत वर्णन करा.