आसन्नप्रसवेची चर्या : अनुलोमन हवे, घाई नको

पावसाळ्यात नागोठणे व रोहे यांच्या दरम्यान निडी परिसरात फिरताना कुंपणावर चढलेल्या एका वेलीची लाल-पिवळी, ज्वालेसारखी फुले लक्ष वेधून घेतात. ही लांगली, अर्थात आपली कळलावी. कळा लावते म्हणून कळलावी, असा अर्थ गावातील वृद्ध स्त्रिया सांगतात. काही वर्षांपूर्वी श्रावणात एक सासूबाई तिचा कंद पदरात बांधून चिकित्सालयात आल्या. सोबत प्रथम गर्भिणी सून होती. “नऊ महिने नऊ दिवस होऊन वर दोन दिवस झाले. हे उगाळून पाजू का?” हा त्यांचा प्रश्न होता. प्रस्तुत लेख त्या प्रश्नाच्या निमित्ताने लिहिला आहे.

दिवस खरोखर भरले काय?

तिथीने मोजलेले नऊ महिने नऊ दिवस म्हणजे सुमारे 275 दिवस होतात. शेवटच्या रजोदर्शनाच्या पहिल्या दिवसापासून प्रसूतीची अपेक्षित तारीख मात्र 280 दिवसांनी येते. मध्ये अधिक मास आला आणि केवळ महिन्यांची नावे मोजली, तर चूक उलट दिशेने होते व दिवस उलटून गेल्याचे ध्यानातही येत नाही. उपर्युक्त सुनेचे त्या दिवशी 39 आठवडे व 4 दिवस झाले होते. पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफीही हेच सांगत होती. म्हणजे विलंब नव्हताच. चरकाचार्यांनी नवव्या महिन्याच्या आरंभापासून दहाव्याच्या अखेरपर्यंत प्रसवकाल मानला आहे, एकच दिवस नव्हे. आपले पहिले कर्तव्य औषध निवडणे हे नसून दिवस मोजणे हे आहे.

शास्त्राची भूमिका

प्रसव हे अपानवायूचे कर्म आहे. म्हणून आचार्यांचा सारा भर वायूच्या अनुलोमनावर आहे. आठव्या महिन्यात सुश्रुताचार्य आस्थापन व त्यानंतर अनुवासन सांगतात. साचलेल्या मलाची शुद्धी व वायूचे अनुलोमन हा त्यांचा हेतू, आणि सुखप्रसव हे फळ. चरकाचार्य नवव्या महिन्यात मधुर द्रव्यांनी सिद्ध तेलाचे अनुवासन व त्याच तेलाचा योनिपिचू सांगतात.

याहून महत्त्वाचा भाग प्रत्यक्ष प्रसवाच्या वर्णनात आहे. प्रसव लवकर व्हावा म्हणून गर्भिणीने मुसळ घेऊन कांडण करावे, असे एक मत चरकसंहितेत नोंदवले आहे आणि भगवान आत्रेयांनी ते खोडून काढले आहे. या काळी दोष-धातू प्रचलित असतात व कठोर व्यायामाने प्रकुपित झालेला वायू प्राणघातक ठरू शकतो, हे कारण त्यांनी दिले आहे. त्याऐवजी जांभया देणे व मंद फिरणे त्यांना मान्य आहे. तसेच आवी येण्यापूर्वी प्रवाहण करू नये, असे ते बजावतात. शिंक वा ढेकर वेग नसताना आणू म्हटल्याने येत नाही, तद्वत् अकाली केलेले प्रवाहण व्यर्थ जाते व गर्भाला अपाय करते.

कळलावीविषयी

चरकसंहितेत लांगली आढळते ती आवी सुरू झाल्यावर हुंगावयाच्या चूर्णात. सुश्रुतसंहितेत अपरापातनासाठी तिच्या मुळाचा लेप तळहात-तळपायांना सांगितला आहे. या दोन्ही ठिकाणी ती पोटात दिलेली नाही. हे उपविष आहे. कंदातील कोल्चिसिनमुळे काही तासांत वांती-अतिसार होतो आणि पुढील एक ते तीन दिवसांत मज्जा, वृक्क, हृदय अशा अनेक अवयवांवर आघात होऊ शकतो. सहज उपलब्ध असा प्रतिविषाचा उपाय नाही. गोमूत्रात शोधन केले तरी गर्भिणीस आभ्यंतर प्रयोग वर्ज्यच समजावा. अपरा अडकल्यास आज लेप करीत न बसता रुग्णालयात न्यावे.

आपण काय करावे?

1. 37 आठवडे पूर्ण झाल्यावर, प्रसूतितज्ज्ञांच्या संमतीने व तपासणीनंतर, बलातेलासारख्या स्निग्ध तेलाची 60 मि.लि. मात्राबस्ती द्यावी. योनिपिचू निर्जंतुक असावा. यावर आयुर्वेद महाविद्यालयांतून पदव्युत्तर प्रबंध झाले आहेत, परंतु रुग्णसंख्या लहान असल्याने रुग्णास खात्री देऊ नये.

2. कटी, पार्श्व, पृष्ठ व ऊरू यांस कोमट तेलाचा हलका अभ्यंग, मंद फिरणे, पुरेशी झोप व मलावष्टंभ टाळणारा स्निग्ध-उष्ण आहार.

3. खजूर हे मधुर, स्निग्ध व बल्य द्रव्य. जॉर्डनमधील 2011 सालच्या एका अभ्यासात शेवटचे चार आठवडे रोज सहा खजूर खाणाऱ्या स्त्रियांना कळा आणण्याच्या औषधांची गरज कमी भासली. मधुमेही गर्भिणीस मात्र देऊ नये.

4. एरंडतेल घरोघरी असते, म्हणून त्याचा मोह अधिक. कळा येतीलच असे नाही. मळमळ व अतिसाराने थकवा मात्र येतो. स्वतःहून घेऊ देऊ नये.

निषेध व संदर्भसेवा

पूर्वीचे सिझेरियन, गर्भाची आडवी वा पायाळू स्थिती, खाली असलेली अपरा, उच्च रक्तदाब यांत वरील बस्ती-पिचू उपक्रम करू नयेत. रक्तस्राव, गर्भोदक जाणे, डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे व गर्भाची हालचाल कमी होणे ही लक्षणे दिसताच 102 वा 108 ला दूरध्वनी करावा. निश्चित 41 आठवडे पूर्ण झाल्यास रुग्णालयात कळा आणण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करते. तेथे आपण अडवून धरणे हाही दोषच होय.

औषधालयचालकांस विनंती

लांगली ही औषध नियमांच्या अनुसूची ई-1 मधील विषद्रव्य आहे. तिचे आभ्यंतर कल्प वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाचे असतात व तसा इशारा वेष्टनावर आवश्यक आहे. “कळा येण्यासाठी काही द्या” अशी मागणी गल्ल्यावर आल्यास काहीही न देता गर्भिणीस वैद्याकडे पाठवावे.

त्या सासूबाईंना आम्ही नाही म्हटले, एवढ्यावर त्यांचे समाधान झाले नसते. त्यांच्यासमोर कॅलेंडरवर दिवस मोजले, गर्भाचे ठोके त्यांना ऐकवले, सुनेला अभ्यंग व फिरण्याचा नियम सांगितला. कंद त्यांनी आमच्या टेबलावरच ठेवला. पाचव्या दिवशी कळा आपोआप सुरू झाल्या व रुग्णालयात सुखप्रसव झाला. घरच्यांच्या अधीरतेला काम द्यावे, विष देऊ नये, हा त्या दिवशीचा आमचा धडा.