लेकीचा वाटा : शास्त्र, आचार आणि कायदा

मागच्या वर्षी एका गावी सप्ताहाचे काल्याचे कीर्तन आटोपून आम्ही पारावर टेकलो होतो. पंगती चालू होत्या. तेवढ्यात पन्नाशीच्या एक बाई आल्या, पायांवर डोके ठेवले आणि हळूच म्हणाल्या, "महाराज, बापाच्या जमिनीत वाटा मागितला तर पाप लागतं का हो?" भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागत होते. आम्ही म्हणालो, "माउली, माहेर राखा." बाई डोळे पुसत गेल्या. उत्तर गोड होते. पण ते शास्त्राचे होते काय, या विचाराने घरी आल्यावर झोप लागेना. मग मिताक्षरेची जुनी पोथी सोडली. त्यात जे सापडले ते वाचक सज्जनांपुढे ठेवतो.

मिताक्षरा ही याज्ञवल्क्यस्मृतीवरील विज्ञानेश्वरांची टीका. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या राज्यात (इ. स. १०७६ ते ११२६) ती लिहिली गेली, ती कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. बंगाल सोडला तर बहुतेक भारतात वाटणीचा न्याय याच ग्रंथावरून होत आला. आता गंमत पाहा. थोरल्या मुलास वाटणीत अधिक द्यावे असे स्मृतिवचनच आहे. विज्ञानेश्वर ते नाकारीत नाहीत. वचन खरे, पण लोकांना ते आता सोसवत नाही, म्हणून ते आचरू नये, असे ते सांगतात; आणि दाखला देतात नियोगाचा, की शास्त्रात असूनही तो आज कोणी करीत नाही. लोकांना ज्याचा तिटकारा आला ते धर्मात सांगितलेले असले तरी करू नये, हे खुद्द याज्ञवल्क्यांचेच सांगणे. म्हणजे लोकांच्या मनाने शास्त्राला वळण दिले, आणि शास्त्राने त्यास मान डोलावली. 'शास्त्र बदलत नाही' असे फडावर ठासून सांगणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे प्रकरण एकदा तरी वाचावे.

देश बदलला की न्याय कसा बदलतो, तेही पाहू. आपल्याकडे मुलगा जन्मताच वडिलार्जित मिळकतीचा धनी होतो. बंगालात जीमूतवाहनांच्या 'दायभाग' ग्रंथाप्रमाणे बाप वारल्यावाचून मुलास हक्कच नाही. 'सपिंड' हा शब्द दोघांचाही. पण मिताक्षरेत पिंड म्हणजे देह, एका देहाचे अंश ज्यांच्यात आले ते सपिंड. बंगालात पिंड म्हणजे श्राद्धाचा भाताचा पिंड, तो देण्याघेण्याने जोडलेले ते सपिंड. एका शब्दाच्या दोन अर्थांवर दोन मुलखांतल्या घरांची वाटणी उभी राहिली! बंगालात निपुत्रिक विधवेस एकत्र कुटुंबातही नवऱ्याचा वाटा मिळे. आपल्याकडे तशा विधवेच्या वाट्यास नुसती अन्नवस्त्राची पोटगी. उलट तिकडे ज्या मुलीस पुत्र होण्याची आशा नाही तिला बापाच्या दायातून वगळीत, कारण तिच्याकडून पिंड पोचायचा नाही.

केरळात तर नायर घराण्यांत वंश आईकडून चाले. घराचा कारभारी मामा, आणि वारस त्याची भाचरे; पोटची मुले नव्हेत. पुढे शिकून नोकरीस लागलेल्या पुरुषांस आपली कमाई आपल्या बायकामुलांस द्यावीशी वाटू लागली. आधी मने फिरली, मागून कायदे आले, आणि १९७५ च्या कायद्याने ती एकत्र कुटुंबपद्धती संपली.

इथे कोणी म्हणेल, मग आपणही थांबावे. मने फिरली की होईल सारे. या बोलण्यास उत्तर आपल्या पंढरीतच आहे. चोखोबांचा देह १३३८ साली मंगळवेढ्यास पडला. त्यांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशी. तेव्हापासून आपण त्यांचे अभंग टाळ-मृदंगात गात आलो, डोळ्यांतून पाणी काढीत आलो, आणि त्यांच्या जातभाईंना दाराबाहेर ठेवीत आलो. सहाशे वर्षे! सन १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी तनपुरे महाराजांच्या मठात दहा दिवस प्राण पणास लावले तेव्हा दार उघडले, आणि त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. संतांनी मने नांगरली नसती तर तो कायदा दप्तरात पडून राहिला असता, हे खरे. पण उपोषण नि कायदा यांवाचून आम्ही आणखी किती काळ नुसते गात बसलो असतो, हे कोणी सांगावे?

आता लेकीकडे येऊ. १९५६ च्या कायद्याने तिला बापाच्या स्वतःच्या हिश्श्यात वाटा दिला, पण जन्मसिद्ध हक्क मुलांपाशीच राहिला. महाराष्ट्राने १९९४ साली तो मुलीसही दिला, मात्र आधी लग्न झालेल्या वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून साऱ्या देशात मुलगी मुलासारखीच जन्मापासून हिस्सेदार झाली, लग्न झालेली असो वा नसो. आणि त्या दिवशी बाप हयात असलाच पाहिजे असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले.

हे सारे शास्त्राबाहेरचे, असे पुष्कळ जण आम्हांस ऐकवितात. पोथी काय म्हणते? वाटणीच्या वेळी बहिणींना चतुर्थांश द्यावा, असे याज्ञवल्क्य सांगतात. ते नुसते लग्नखर्चाचे पैसे, असा अर्थ कित्येक लावीत. विज्ञानेश्वर तो अर्थ खोडून काढतात. ती मुलगा असती तर जेवढा वाटा मिळता त्याचा चौथा भाग तिचा, असे हिशेब मांडून दाखवितात. पुत्रहीन बापाचा दाय मुलीस का, तर तीही त्याच्याच अंगापासून झाली म्हणून. देहाच्या अंशाचा हा विचार एकदा मानला, की चौथ्या भागापासून पुऱ्या भागापर्यंतची वाट फार लांबची नाही, असे आमचे मत आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी पोथी घेऊन खुशाल यावे.

परंतु आचार अजून मागेच आहे. सातबाऱ्यावर बहिणीचे नाव लागते, आणि पाठोपाठ हक्कसोडपत्राचा कागद पुढे येतो. भाऊबीजेच्या साडीवर दोन-चार एकरांची सही होते. खुशीने सोडले तर प्रश्न नाही. पण 'सही दे, नाहीतर माहेर बंद' ही खुशी नव्हे. आणि या कामी कीर्तनकाराचा शब्द भावांना फार सोयीचा पडतो, हे आम्हांस त्या पारावर कळले नाही.

यंदा त्याच गावी पुन्हा सेवा होती. उत्तररंगात आम्ही चतुर्थांशाचे प्रकरण लावले. पुढच्या रांगेतले दोघे-तिघे उठून गेले. बायकांच्या बाजूस अगदी सामसूम. कीर्तनानंतर त्या बाईंची चौकशी केली. सप्ताहाला आल्या नव्हत्या. सही त्यांनी मागच्याच वर्षी, आमचे उत्तर ऐकून आठ दिवसांत करून दिली होती. तरीही माहेरी बोलावणे आले नाही.