ओढ्यातले पाणभुंगेरे कसे ओळखावेत?



ओढ्यात जे काही वळवळते त्याला आपण सरसकट 'पाणकिडा' म्हणतो. पण त्यातले काही भुंगेरे असतात, तर काही निराळेच. ते कसे ओळखायचे, हे या पाठात सांगतो.

आमच्या ओढ्याचे पाणी येरळा नदीला जाते. येरळा सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात उगम पावते आणि सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. ओढ्याच्या कडेचे पाणी चहाच्या गाळणीने पांढऱ्या ताटलीत घ्या, म्हणजे किडे स्पष्ट दिसतात.

पहिली खूण : पाठ
भुंगेऱ्याचे वरचे दोन पंख टणक, ढालीसारखे असतात. ते जिथे जुळतात तिथे पाठीवर मधोमध एक सरळ रेघ दिसते. रेघ नसून पंख एकमेकांवर फुलीसारखे चढलेले असतील, तर तो ढेकणाच्या कुळातला. त्याला टोचणारी सोंड असते. हाताने धरू नका, जोरात चावतो! यांच्यातल्या एका जातीचा नर आपल्या पाठीवर अंडी घेऊन फिरतो. पुष्कळ जण त्यालाच भुंगेरा समजतात.

दुसरी खूण : चाल आणि श्वास
पाणभुंगेऱ्यांना माशांसारखे कल्ले नसतात. बहुतेक भुंगेरे हवा घ्यायला वर येतात. ते कसे येतात, ते नीट बघा.

१) पाणबुड्या भुंगेरा : मागचे दोन्ही पाय वल्ह्यांसारखे एकदम मारतो. हवा घेताना शेपटीकडची बाजू वर काढतो आणि पंखांखाली हवा साठवतो. मिशा लांब, दोऱ्यासारख्या. मोठ्या जाती ३ ते ४ सेंटिमीटर भरतात. हा शिकारी आहे. डासांच्या अळ्या, बेडकाची पिल्ले, कधी लहान मासाही खातो.

२) सफाई करणारा भुंगेरा : पाय आळीपाळीने हलवतो, जणू पाण्यात चालतोच आहे. हवा घ्यायला डोके वर काढतो. पोटाखाली हवेचा थर चांदीसारखा चमकतो. मिशा आखूड, टोकाला गाठ. मोठा झाल्यावर बहुधा कुजका पाला व शेवाळ खातो.

३) गिरक्या घेणारा भुंगेरा : लहान, काळा, चकचकीत. पाण्यावर थव्याने गोल गोल फिरतो. याचा प्रत्येक डोळा दोन भागांत विभागलेला असतो. वरच्या भागाने आभाळ आणि खालच्या भागाने पाणी, एकाच वेळी दिसते.

उन्हाळ्यात काय होते?
येरळेचे पात्र उन्हाळ्यात कोरडे पडते, मधे मधे डोह राहतात. पाणभुंगेऱ्यांना उडता येते. पुष्कळ जाती रात्री उडून दुसरे पाणी शोधतात. चकाकणारा पत्रा किंवा गाडीचा टप पाणी समजून काही त्यावरच आदळतात. दिव्याखाली पडलेला काळा भुंगेरा त्यांच्यापैकीच असू शकतो.

जे डोह उरतात त्यांत बाकीचे सगळे किडे गोळा होतात. अशा डोहात कोणी फवारणीचा पंप धुतला, तर औषध थोड्याशा पाण्यातच उतरते. भुंगेरे मरतात. डासांच्या अळ्या खाणारेच गेले, की पुढे डासांना रान मोकळे. पाण्यावर तेल किंवा रॉकेल सोडले तरी तेच होते. वर येणाऱ्या भुंगेऱ्याला हवा मिळत नाही, तो गुदमरतो.

म्हणून पालकांना विनंती, की पंप शेतातच धुवावा आणि ते पाणी ओढ्यात जाऊ देऊ नये. मुलांनी ओढ्यावर मोठ्या माणसांबरोबरच जावे, पूर असताना जाऊ नये. पाहून झाल्यावर किडे होते तिथेच सोडावेत.

प्रश्न
१) भुंगेरा व ढेकणाच्या कुळातला किडा यांच्या पाठीत काय फरक असतो?
२) शेपटी वर काढून हवा घेणारा भुंगेरा कोणता?
३) तुमच्या ओढ्यात या तिघांपैकी कोण दिसतो? ताटलीत पाहून वहीत चित्र काढा.

— इयत्ता ७ वीचा एक विद्यार्थी