अंगावर उठलं ते पित्तच का?



मी डॉक्टर नाही. शिक्षणानं इंजिनिअर, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. तरीही आरोग्याच्या पानावर लिहायला बसलो, त्याला कारण घरात घडलेली एक गोष्ट.

जानेवारी २०२२. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, पुण्याहून आमच्याकडे आलेल्या आईच्या पोटावर आणि दंडांवर गांधी उठल्या. "पित्त उठलंय, दुसरं काय!" म्हणून तिनं आमसुलाचं पाणी लावलं. दोन तासांत गांधी बसल्या. ताप नाही, खोकला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही ओळखीच्या वयस्कर काका-काकूंना तिळगूळ देऊन आलो. त्याच रात्री आईला कणकण आली आणि घरच्या चाचणीत दोन रेघा उमटल्या. पुढच्या आठवड्यात काकांना कोविडमुळे हॉस्पिटलात ठेवावं लागलं. ते बरे होऊन घरी आले. त्यांना आमच्याकडूनच लागण झाली का, हे कधीच कळणार नाही; पण चुटपुट कायमची राहिली.

त्यानंतर या विषयावर जे वाचलं, ते थोडक्यात सांगतो.

कोविडमध्ये त्वचेवर लक्षणं दिसतात, हे २०२० च्या वसंत ऋतूतच इटलीतल्या लेक्को शहरातून कळलं. तिथं ८८ रुग्णांपैकी १८ जणांच्या त्वचेवर काही ना काही आढळलं. मग स्पेनच्या त्वचारोगतज्ज्ञांनी अशी लक्षणं असलेले ३७५ रुग्ण तपासून पाच प्रकार मांडले :

१. गोवरासारखं बारीक पुरळ : ४७ टक्के.
२. खाजणाऱ्या गांधी, म्हणजे आपलं 'पित्त' : १९ टक्के.
३. थंडीनं सुजावीत तशी सुजलेली, जांभळट बोटं, विशेषतः पायाची : १९ टक्के. हे बहुधा तरुणांत, सौम्य आजारात दिसलं. यातल्या अनेकांची चाचणी निगेटिव्ह आल्यानं कारणाबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत.
४. कांजिण्यांसारखे पाण्याचे फोड : ९ टक्के.
५. त्वचेवर जांभळट जाळी किंवा काळे पडलेले भाग : ६ टक्के. हा प्रकार वयस्कर आणि गंभीर रुग्णांत दिसला.

ब्रिटनमधल्या एका ऑनलाइन पाहणीत, पुरळ आलेल्या कोविडच्या रुग्णांपैकी १७ टक्के लोकांनी पुरळ हेच पहिलं लक्षण असल्याचं सांगितलं. म्हणजे आईच्या बाबतीत घडलं ते अगदीच जगावेगळं नव्हतं.

आता आपल्या दृष्टीनं महत्त्वाचा मुद्दा. २०२० मध्ये वैद्यकीय लेखांतली अशी १३० छायाचित्रं तपासली गेली. त्यातली ९२ टक्के गोऱ्या किंवा उजळ त्वचेची होती. सर्वांत सावळ्या दोन गटांतलं एकही नव्हतं. गोऱ्या कातडीवरची लाली आपल्या सावळ्या कातडीवर जांभळट, तपकिरी किंवा नुसतीच गडद दिसते. त्यामुळे 'फोटोतल्यासारखं लाल नाही' म्हणून निश्चिंत राहू नये. उजेडात पाहावं, हात फिरवून फुगवटा आणि ऊब तपासावी, आणि डॉक्टरांना "माझ्या नेहमीच्या रंगापेक्षा हे वेगळं आहे" असं स्पष्ट सांगावं.

काय करावं?

• पित्त उठण्याची कारणं अनेक. प्रत्येक गांध म्हणजे कोविड नव्हे. पण नवं पुरळ आलं आणि आसपास साथ असेल, तर घरची चाचणी करावी. निगेटिव्ह आली तर ४८ तासांनी पुन्हा करावी. तोवर वयस्कर मंडळींच्या भेटी पुढे ढकलाव्यात.

• भारतातून आणलेली मलमाची ट्यूब लगेच चोळू नये. अशा बऱ्याच मलमांत तीव्र स्टेरॉइड असतं. त्यानं लक्षण झाकलं जातं आणि नायटा असेल तर तो पसरतो.

• ओठ किंवा जीभ सुजली, श्वास लागला, तर ताबडतोब ९११.

• दाबूनही फिका न होणारा डाग किंवा जांभळी जाळी दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सोबत ताप असेल तर थेट इमर्जन्सीत जावं.

• लहान मुलाला कोविडनंतर दोन ते सहा आठवड्यांनी ताप, पुरळ, लाल डोळे, पोटदुखी किंवा उलट्या झाल्या, तर वाट पाहू नये. ही गुंतागुंत आता विरळ आहे, पण हृदयावर परिणाम करू शकते.

आमसुलाचं पाणी आईनं खुशाल लावावं. खाजेला तेवढाच आराम. फक्त ते लावता लावता एक चाचणीही करावी. पंधरा मिनिटांचं काम आहे. आमच्या घरी त्या दिवशी तेवढंच राहून गेलं.