भाडं नंतर, ताबा आधी

भाडेकरू भाडं थकवतो तेव्हा एकदम थकवत नाही. आधी पाच तारखेची बारा तारीख होते. मग अर्धीच रक्कम जमा होते आणि सोबत निरोप येतो, "काका, बाकीचे सोमवारी नक्की." पुण्यातला आमचा वन बीएचके निवृत्तीनंतरचा आधार म्हणून घेतलेला. त्यात राहायला आलेलं जोडपं वागायला चांगलं होतं, आणि त्यातल्या नवऱ्याची नोकरी गेली हेही खरं होतं. म्हणजे कथेत कुणी खलनायक नव्हता. अशाच प्रकरणात मालकाचं नुकसान जास्त होतं, कारण लबाड माणसावर आपण लगेच चिडतो, अडचणीतल्या माणसाला मात्र आणखी एक महिना देत राहतो.

त्या दिवसांत आमचं सगळं बोलणं भाड्याभोवती फिरायचं. कधी देणार, किती देणार, हप्ते पाडून देता का. वकिलाकडे गेल्यावर त्यांनी पहिल्याच भेटीत विषय बदलला. म्हणाले, "ज्याला या महिन्याचे अठरा हजार जड जातायत, तो तीन महिन्यांनी चोपन्न हजार कुठून आणणार? तुम्हाला घर रिकामं हवंय का, ते सांगा." तिथून आम्ही भाडं मागणं सोडलं आणि ताब्याच्या मागे लागलो. हा लेख लिहायचं कारण एवढंच. भाडं थकलेला बहुतेक घरमालक चुकीच्या गोष्टीसाठी भांडत असतो.

याच काळात भाडेकरूकडून हमखास एक वाक्य ऐकू येतं : "डिपॉझिटमधून वळतं करून घ्या ना." ऐकायला सोयीचं वाटतं, पण याला कधीही होकार देऊ नका. समजा भाडं १८,००० आणि डिपॉझिट ५०,००० आहे. तीन महिन्यांच्या आत ते संपतं आणि चौथ्या महिन्यात तुमच्या हातात काहीच उरत नाही. घर सोडताना भाडेकरूला थोडी घाई करायला लावणारी एकमेव गोष्ट म्हणजे परत मिळायचं डिपॉझिट. शिवाय फुटलेलं बेसिन आणि थकलेलं वीजबिल त्यातूनच भागवायचं असतं. मीटर तुमच्या नावावर, तेव्हा बिलही शेवटी तुमच्याच दारात येतं. सोसायटीचा मेंटेनन्स तर भाडं आलं नाही तरी तुम्हीच भरायचा.

सोसायटीच्या बाकावर फुकट सल्ले भरपूर मिळाले. पाणी बंद करा, लाइट तोडा, ते गावाला गेले की कुलूप बदला. असले सल्ले देणारे खटला चालू झाला की दिसत नाहीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या २९व्या कलमाखाली अत्यावश्यक सोयी तोडणं हा गुन्हा आहे. कुलूप बदललंत तर आणखी पंचाईत. १९६३च्या स्पेसिफिक रिलीफ कायद्याचं सहावं कलम सांगतं की, ज्याला कायदेशीर मार्गाशिवाय जागेतून बाहेर काढलं, तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो आणि त्या दाव्यात जागा कुणाच्या मालकीची हा प्रश्नच येत नाही. म्हणजे तुमच्या घरात तुम्हीच आरोपी. पोलीस चौकीत जाण्याचाही उपयोग नसतो. भाड्याची थकबाकी हा दिवाणी मामला आहे, असं सांगून ते परत पाठवतात, आणि त्यात त्यांचं चूक नाही.

आपल्याकडे घरमालकाच्या मनात एक जुनी भीती असते : भाडेकरू एकदा बसला की उठत नाही. ती उगाच आलेली नाही. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याखाली पागडीच्या जागा पिढ्यान् पिढ्या अडकल्या. १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर राहत असलेल्यांना तर एका दुरुस्तीने थेट भाडेकरूचं संरक्षण मिळालं. ते ज्यांनी पाहिलं त्यांनी घरं वर्षानुवर्षं रिकामी ठेवणं पसंत केलं. पण ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने राहत्या घरांपुरता हा प्रश्न बराच सोडवला आहे, हे अजून कितीतरी मालकांना माहीत नसतं.

त्या कायद्याचं २४वं कलम घरमालकाने पाठ करावं असं आहे. राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सवर दिलेल्या घराची मुदत संपली आणि राहणाऱ्याने घर सोडलं नाही, तर मालक साध्या कोर्टात न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. लेखी करारात जे आहे ते निर्णायक पुरावा मानलं जातं. मुदतीनंतर जितके दिवस तो राहील तितक्या दिवसांची नुकसानभरपाई दुप्पट दराने लागते. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत भाडेकरूने प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मागायची असते. ती मागितली नाही, तर मालकाचं म्हणणं मान्य धरलं जातं. निकालावर अपील नाही, नव्वद दिवसांत राज्य सरकारकडे पुनरीक्षण अर्ज एवढंच. तरीही तारखा पडतात. काही महिने जाणार हे गृहीत धरूनच चाला. दुकानाच्या गाळ्याला हा मार्ग नाही, तो फक्त राहत्या घरासाठी.

हे सगळं टिकतं ते कराराच्या कागदावर. "अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही," असं एजंट अजूनही सांगतात. इतर राज्यांत लोक या पळवाटेचा आधार घेतात, पण महाराष्ट्रात याच कायद्याच्या ५५व्या कलमाने कितीही मुदतीचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं आहे. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून वाईट म्हणजे, वाद झाला की अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं आणि खोटं ठरवायचं काम तुमच्यावर येतं. खर्च म्हणाल तर एकूण भाडं आणि डिपॉझिटवर धरलेलं वार्षिक दहा टक्के व्याज मिळून जी रक्कम होईल तिच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क, आणि महापालिका हद्दीत एक हजार रुपये नोंदणी शुल्क. आता हे घरी बसून आधार आणि अंगठा देऊन होतं. एवढ्यासाठी कंजुषी करणाऱ्या मालकाबद्दल मला सहानुभूती वाटत नाही.

करार वाचताना लॉक-इनच्या कलमापाशी थांबा. एजंटच्या छापील मसुद्यात ते बहुतेक वेळा दोघांनाही बांधतं. मग भाडं थकलं तरी मुदतीआधी घर सोडायला सांगताना तुमच्याच सहीचा कागद आडवा येतो. दोन महिन्यांचं भाडं थकल्यास लेखी नोटीस देऊन मालकाला लायसन्स संपवता येईल आणि त्याला लॉक-इन लागू नसेल, असं स्पष्ट लिहून घ्या.

आमच्या करारात असं कलम होतं, मुदतही संपत आलेली होती. वकिलांनी नोटीस पाठवली, नूतनीकरण होणार नाही हे कळवलं, आणि मग मी त्या जोडप्याला घरी चहाला बोलावलं. हे अनेकांना पटलं नाही. पण नोटीस गेल्यावर बोलणं सोपं होतं, कारण भाडेकरूला सगळं गंभीर आहे हे कळलेलं असतं. बोलणं एवढंच झालं : अमुक तारखेला घर मोकळं करा, थकबाकीतला काही भाग मी सोडतो, आणि चावी हातात आली की डिपॉझिटमधून हिशेब करून उरलेली रक्कम त्याच दिवशी खात्यावर टाकतो. दोघांच्या सह्यांनिशी कागद केला. "म्हणजे तुम्हीच पैसे सोडलेत?" असं शेजाऱ्याने विचारलं. हो, सोडले. वकिलाची फी आणि घर अडकल्यामुळे बुडणारं भाडं यांची बेरीज त्याहून मोठी होत होती.

त्या काळात एक शिस्त पाळली, ती कामाला आली. फोनवर जे बोलणं व्हायचं ते लगेच व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवायचं : "आज आपलं ठरल्याप्रमाणे..." रोख काहीही घ्यायचं नाही, सगळं यूपीआयने. मुदत संपल्यावर काही रक्कम आली तर ती 'भाडं' म्हणून स्वीकारू नये. 'नुकसानभरपाईपोटी, हक्क राखून' असं कळवावं, नाहीतर करार पुढे चालू झाला असा दावा करायला जागा मिळते.

नवा भाडेकरू ठेवताना आता मी आताच्या मालकाला फोन करत नाही, त्याच्या आधीच्या मालकाला करतो. आताच्याला हा माणूस जायला हवा असतो, त्यामुळे तो स्तुतीच करणार. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणं वेगळं. ते करायलाच हवं, पण त्यातून भाडं देण्याची ऐपत कळत नाही.

उरलेली थकबाकी बुडाली असं समजून गप्प बसू नका. ताब्याच्या अर्जात ती मिळत नाही, वेगळा दावा लावावा लागतो आणि त्याला तीन वर्षांची मुदत आहे. दावा लावायचा की नाही हे रक्कम आणि समोरच्याची ऐपत पाहून ठरवा. एक गोष्ट मात्र सीएकडे आवर्जून काढा. न मिळालेलं भाडं उत्पन्नातून वगळता येतं, पण भाडेकरू खरा असावा, त्याने घर सोडलेलं असावं किंवा सोडवण्यासाठी पावलं उचललेली असावीत, तुमच्याच दुसऱ्या जागेत तो राहत नसावा, आणि वसुलीसाठी कायदेशीर प्रयत्न केल्याचं किंवा ते व्यर्थ ठरले असते हे दाखवता यावं, अशा अटी आहेत. नोटिशीची प्रत आणि ते व्हॉट्सअॅपचे निरोप तिथेही उपयोगी पडतात. पुढे कधी ते पैसे आलेच, तर ज्या वर्षी आले त्या वर्षीच्या उत्पन्नात दाखवायचे.