अवकाशातील सूक्ष्म झडपा

अवकाश संशोधन म्हटले की प्रचंड अग्निबाण डोळ्यांसमोर येतो. २५ डिसेंबर २०२१ रोजी झेपावलेल्या जेम्स वेब दुर्बिणीचे एक मोलाचे काम मात्र अतिसूक्ष्म झडपांवर अवलंबून आहे. विद्युत आणि यांत्रिक रचना एकाच पातळ चकतीवर कोरण्याच्या या तंत्रास ‘मेम्स’ म्हणतात.

दूरच्या दीर्घिकेचे अंतर व घटकद्रव्ये तिच्या वर्णपटावरून कळतात. परंतु दृश्यक्षेत्रात असंख्य दीर्घिका असतात. सर्वांचा प्रकाश एकदम आत घेतला तर वर्णपट एकमेकांवर पडतात. पृथ्वीवरील काही दुर्बिणींत यासाठी मोजक्या जागी फटी कापलेला धातूचा पत्रा बसवितात. पंधरा लाख किलोमीटरवर तो वरचेवर बदलणार कोण? म्हणून नासाच्या गोडार्ड केंद्राने झडपांची जाळी घडविली. तिचे चार भाग असून प्रत्येकात ३६५ गुणिले १७१, म्हणजे ६२,४१५ झडपा आहेत. एक झडप सुमारे १०० मायक्रॉन रुंद आणि २०० मायक्रॉन लांब. दोन-चार केस शेजारी ठेवावेत एवढीच.

तिची बिजागरी म्हणजे पीळ सोसणारी बारीक पट्टी. जाळीवरून चुंबक सरकला की झडपा उघडून भिंतीला टेकतात. ज्या उघड्या हव्यात त्यांना विद्युत दाब धरून ठेवतो. बाकीच्या पीळ सुटताच मिटतात. अडीच लाख झडपांना स्वतंत्र तारा देणे अशक्यच; उभ्या व आडव्या तारांच्या छेदावरून नेमकी झडप निवडली जाते. हे सारे शून्याखाली सुमारे २३० अंशांच्या थंडीत घडते.

या काटकसरीची किंमतही आहे. एका झडपेपाशी विद्युत मंडल जुळून गेले, तर तेथे उष्णतेची चमक उमटते आणि निरीक्षण दूषित होते. मग ती संपूर्ण ओळ बंद ठेवावी लागते. एका दोषापायी शेकडो निरोगी झडपा निकामी! उड्डाणापूर्वीच्या ध्वनिकंपन चाचणीत तर अनेक झडपा नीट चालेनाशा झाल्या आणि अखेर जाळी बदलावी लागली. माझ्या मते ती चाचणी हाच या कथेतील सर्वांत महत्त्वाचा दिवस होय, कारण त्यानंतर हात पोहोचणार नव्हता.

आजही काही झडपा मिटूनच राहतात, काही उघड्याच अडकल्या आहेत. निरीक्षण आखणारे शास्त्रज्ञ प्रथम त्यांचा नकाशा पाहतात, आणि दुर्बिणीचा रोख किंचित सरकवून हवी ती दीर्घिका चालत्या झडपेवर आणतात.