पालेभाजी रोज, तरी रक्त कमी

प्रश्न : मी शाकाहारी आहे. रोज पालेभाजी खाते, तरी हिमोग्लोबिन ९ च्या वर जात नाही. असे का?

उत्तर : ताई, वनस्पतींमधले लोह शरीर थोडेच शोषते. जेवणावर लगेच चहा घेतला, तर त्यातल्या टॅनिनमुळे तेही अडते. चहा तासाभराने घ्या. क जीवनसत्त्वाने शोषण वाढते, म्हणून पानात लिंबाची फोड हवीच. पेरू, आवळाही उत्तम. मटकी मोड आणून खा. दूध-दही सोडू नका, कारण रक्तपेशींना लागणारे बी-१२ भाज्यांत नसते. मात्र ९ ही पातळी नुसत्या आहाराने भरून निघेल, असे मला वाटत नाही. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर संकोच न करता डॉक्टरांना सांगा. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी-१२ ची तपासणी याच आठवड्यात करून घ्या.